सबुरीचा मासा

विटेसारखा तांबडा, दीड-दोन विती लांब, डोकं अंगाच्या मानाने मोठं. ऑरेंज रफी हा काही देखणा मासा नव्हे. न्यूझीलंड, टास्मानियाच्या समुद्रात तो ५०० ते १५०० मीटर खोलीवर राहतो. तांबडा प्रकाश तर त्याच्या कितीतरी वरच विरून जातो. त्यामुळे आपल्या डोळ्यांत भरणारा त्याचा रंग तिथे काळाच. अंगभर तांबडं लेवून लपायची सोय खोल पाण्यातच!

कोळंबी, माकुळ, लहान मासे खात तो सावकाश वाढतो. इतका सावकाश, की अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला २० ते ४० वर्षं लागतात. ढोमीचं डोकं चोखताना दाताखाली येणारा पांढरा खडा मासेखाऊंना ठाऊक असतो. तसा कानातला खडा यालाही असतो. तो कापून भिंगाखाली धरला की वर्षांची वलयं एकाला एक चिकटून दिसतात. त्यावरून काढलेलं वय कुणाला खरं वाटेना. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खड्यातल्या रेडियम आणि शिशाचं प्रमाण मोजलं, तेव्हा या माशाची शंभरी ही अतिशयोक्ती नाही हे पटलं. काही तर दोनशेच्याही पुढे गेलेले. पेशवाई बुडाली त्या सुमारास जन्मलेला एखादा, १९८० च्या दशकात बिनकाट्याचा गोठवलेला तुकडा होऊन अमेरिकेतल्या ताटात पडलाही असेल.

कारण वय कळण्याआधीच जाळी पोचली होती. एवढ्या काळोखात जोडीदार गाठायचा, तर ठरल्या ऋतूत ठरल्या जागी जमणं भाग. म्हणून हिवाळ्यात हे मासे समुद्रातल्या डोंगरांवर हजारोंनी गोळा होतात. ज्या सवयीवर त्यांचा वंश टिकला, तीच ट्रॉलरच्या पथ्यावर पडली. जाळं काही मिनिटं ओढलं की कित्येक टन मासळी वर. त्याबरोबर डोंगरावरची जुनी प्रवाळंही खरवडून निघत.

मासा झपाट्याने घटत गेला, तेव्हा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला संरक्षणाच्या यादीत घातलं. पुढे २०१५ मध्ये टास्मानियाच्या पूर्वेला मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. तिथला मासा सावरताना दिसला, ही आनंदाची गोष्ट. पण १९९० मध्ये जन्मलेलं पिल्लू आता कुठे वयात येतंय. तेवढ्यात सरकारं किती आली-गेली! दरसालचा कोटा ठरवणाऱ्यांनी हा मासा पकडू द्यायचा, तर हिशेब नातवंडांच्या वयाचा धरायला हवा.