सॅकमधली चप्पल
पायातला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतका दमवतो, हा ट्रेकर मंडळींचा जुना हिशेब. त्यात तथ्य आहे. बूट पावलागणिक उचलावा लागतो. पण याच हिशेबाने मुक्कामाची चप्पल घरी ठेवणं मला पटत नाही, कारण चालताना ती पायात नसतेच. रबरी चपलांचा जोड पाव किलोच्या आसपास, म्हणजे पाव लिटर पाण्याइतका. हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात भिजलेला बूट गुहेच्या तोंडाशी आडवा पडलेला असतो: जीभ बाहेर, नाडीला चिखल, आत मोज्याचा आंबूस वास. केवळ टाक्यावरून पाणी आणायला त्यात पुन्हा पाय घालायचा? भिजून पांढरी पडलेली कातडी सोलवटते, आणि उतरणीवर तीच वसुली करते.

एमा गेटवूड यांनी १९५५ साली, ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल साध्या कापडी बुटांवर पार केली. तेव्हा एकच हलका जोड पुरे, असं कुणी म्हणेल. शेवाळलेल्या कातळावर मला ते धाडस वाटतं. चपलेवरचा विंचू-फुरशाचा आक्षेप मात्र खरा. अंधारात उघडी बोटं नकोतच; म्हणून पुढून बंद, फोमची सँडल बरी, थोडी जड असली तरी, आणि हातात टॉर्च. तसा विंचू बुटातही शिरतो, सकाळी झटकावाच लागतो. राहता राहिले कोरडे मोजे. थंडीत ते काढवत नाहीत, आणि अंगठ्याची चप्पल त्यांवर काही केल्या चढत नाही.