कमावलेल्या पैशांचे कागद

आज ओळखीतली मुलं इंग्लंडला निघतात तेव्हा सगळे आधी विचारतात, कंपनी कोणती? वीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत, कँटीनच्या टेबलावर, लोकलच्या डब्यात दुसराच प्रश्न ऐकू यायचा: "पॉइंट किती भरतात?" आणि त्या पॉइंटांचं मोठं माप होतं तुम्ही आजवर काय कमावलंत हे. पुढे कोण किती पगार देणार आहे, याला तिथे जागाच नव्हती. तुमच्या हातून झालेलं काम आणि त्याचा तुम्हाला मिळालेला मोबदला, एवढंच तपासलं जायचं. तो काळ मला फार प्रिय आहे.

ब्रिटनने जानेवारी २००२ मध्ये हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम सुरू केला. सगळे त्याला एचएसएमपी म्हणत. हातात नोकरी नसताना, कुठल्याही कंपनीच्या पत्राशिवाय माणूस स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत होता. नोव्हेंबर २००६ मध्ये नियम बदलल्यानंतरचं गणित आमच्या पिढीतल्या अनेकांना अजून तोंडपाठ असेल. एकूण ७५ गुण हवेत. पदवीला ३०, पदव्युत्तर पदवीला ३५, पीएचडीला ५०. वय २८ च्या आत असेल तर २०. कमाईचे जास्तीत जास्त ४५. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचे ५० गुण सहज भरत आणि उरलेले २५ कमाईतून काढावे लागत.

भारतातला पगार पौंडात मोजला तर तो कुठे पुरणार? त्याचीही सोय होती. देशांचे गट पाडले होते आणि भारतात मिळवलेल्या रकमेला ५.३ ने गुणत. २५ गुणांसाठी ब्रिटनमध्ये २६,००० पौंडांची कमाई लागे. आपल्याकडे तेव्हाच्या दराने वर्षाला चार लाख रुपयांच्या आसपास पगार असला की तेवढेच गुण मिळत. पुण्यातल्या चार लाखांचं मोल लंडनमधल्या चार लाखांपेक्षा वेगळं आहे, हे एका परक्या सरकारने नियमात लिहून ठेवलं होतं. मला ती मोठी समजूतदार गोष्ट वाटायची, आजही वाटते.

कमाई मोजायची ती अर्जाच्या आधीच्या १५ महिन्यांतल्या सलग १२ महिन्यांची. कुठले बारा निवडायचे यावर संध्याकाळच्या संध्याकाळी जात. एप्रिलची पगारवाढ आत यावी, बिनपगारी रजेचा महिना बाहेर राहावा, बोनसचा महिना सुटू नये. त्यात वाढदिवस जवळ आला की अट्ठावीस पूर्ण व्हायच्या आत पाकीट जायला हवं, ही धावपळ वेगळीच. रुपयाचा पौंड करायचा दर ओअँडाच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, म्हणून सायबर कॅफेत बसून त्या पानाची छापील प्रत काढायची.

खरी मेहनत कागदांची होती. कमाईचे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले पुरावे लागत आणि ते एकमेकांशी जुळावे लागत. एकीकडे पगाराच्या स्लिपा, दुसरीकडे बँकेचा खातेउतारा किंवा आयकराचे कागद. मोठ्या कंपन्यांत स्लिप संगणकावर दिसायची. तिची प्रिंट काढली की एचआरकडून लेटरहेडवर पत्र घ्यावं लागे की ही स्लिप आमचीच आहे. छोट्या फर्ममध्ये अकाउंट्सचे काका जुनी रजिस्टरं काढून बसत. फॉर्म १६ वर सही आणि शिक्का हवा, आणि सही करणारे साहेब नेमके दौऱ्यावर असत. बँकेच्या उताऱ्याच्या पानापानावर शिक्का लागे. सहकारी बँकेचं पासबुक मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीनिशी. पगारातला काही भाग रोखीने मिळणाऱ्यांची अडचण सगळ्यांत मोठी होती. दिवाळीला मालकांनी पाकिटातून दिलेले पैसे कितीही घामाचे असले, तरी कागदावर नसल्यामुळे ते कमाईत धरता येत नसत.

स्लिपेवरचा एकूण पगार आणि खात्यात पडलेली रक्कम यांतला फरकही समजावून द्यावा लागे. इतका आयकर, इतका प्रॉव्हिडंट फंड, इतका व्यवसाय कर. आपल्याकडे फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये कापतात. हे महाराष्ट्रातल्या नोकरदाराला ठाऊक असतं, शेफील्डला टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याला कसं ठाऊक असणार? म्हणून काळजी घेणारी माणसं सोबतच्या पत्रात त्या शंभर रुपयांचाही खुलासा लिहीत. ही सगळी चळत कुरिअरने शेफील्डच्या मूरफूट इमारतीत जाई. तिथून मंजुरीचं पत्र आलं की मग मुंबईच्या ब्रिटिश उपउच्चायुक्तालयाचा व्हिसा.

त्या दिवसांत एका अर्जाला किती हात लागत! बँकेतल्या बाई जेवणाची सुट्टी संपायच्या आत शिक्के मारून देत. सी.ए.कडचा मदतनीस मागच्या वर्षाचं रिटर्न शोधून झेरॉक्स करून ठेवी. घरी वडील तारखांप्रमाणे कागद लावून टाचण मारत आणि त्या निमित्ताने पहिल्यांदाच मुलाचा पगार महिन्यागणिक वाचत. आपल्या पोराने वर्षभर काय कष्ट केले ते त्यांना त्या आकड्यांत दिसे. मुलांनाही स्वतःची कमाई अशी एकत्र, क्रमाने, कधी पाहायला मिळाली नव्हती. ती फाइल हातात घेतली की आपण कुणीतरी आहोत असं वाटे.

त्या काळातही सगळं सुखाचं नव्हतं. नोव्हेंबर २००६ चे नियम आधीच तिकडे जाऊन स्थिरावलेल्यांनाही लावले गेले. घर-नोकरी सोडून गेलेल्या माणसांना मुदतवाढीसाठी नव्या मापाने पुन्हा गुण भरायला सांगितलं. त्यांनी एचएसएमपी फोरम ही संघटना उभी केली, ती न्यायालयात गेली आणि ८ एप्रिल २००८ ला लंडनच्या उच्च न्यायालयाने तो बदल त्यांच्यावर लादणं बेकायदा ठरवलं. त्याच महिन्यात भारतातल्या अर्जदारांसाठी एचएसएमपीच्या जागी टिअर वन जनरल सुरू झालं. कमाईचं माप तेच राहिलं. शिवाय २,८०० पौंड तीन महिने खात्यात शिल्लक दाखवायची अट आली. डिसेंबर २०१० मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी ही वाटही बंद झाली.

आता कागद मिळवणं किती सोपं झालंय! स्लिपा मेलवर येतात. फॉर्म १६ डिजिटल सहीचा असतो. २६एएस घरबसल्या उघडतं. २०२१ पासून आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण मिळतं. त्यात पगार, व्याज, लाभांश सगळं एका जागी दिसतं. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक फोनवर आहे. ज्या पुराव्यासाठी आम्ही महिनाभर फिरायचो, तो चहा निवेपर्यंत तयार होतो. खोट्या स्लिपा करणाऱ्यांना आळा बसला, हा तर फार मोठा फायदा. कुणाच्या सहीसाठी ताटकळणं उरलं नाही, ही सोय मी मनापासून मान्य करतो.

पण तो पुरावा मागतं कोण? डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसा आहे. त्यात परवानाधारक मालकाचं प्रायोजकत्व लागतं आणि पाहिला जातो तो मालक पुढे देणार असलेला पगार. त्याची सर्वसाधारण किमान पातळी जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. अर्जदाराने पुण्यात दहा वर्षं काय कमावलं, याला त्यात गुण नाहीत. गेलेल्या माणसाची नोकरी सुटली की व्हिसाही धोक्यात येतो. टिअर वनचा माणूस आज एका कंपनीत, उद्या दुसरीकडे, परवा स्वतःचा व्यवसाय, असा मोकळा होता, कारण त्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या कमाईवर उभा होता. ते स्वातंत्र्य गेलं, याचं मला खरोखर दुःख आहे. केलेल्या कामाला मान मिळणं आणि देऊ केलेल्या नोकरीला मान मिळणं, यांतली पहिली गोष्ट माणसाला जास्त ताठ उभं करते, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या कागदांचं महत्त्व मात्र संपलेलं नाही. टिअर वनवर गेलेल्या अनेकांना कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी, विशेषतः २०१८ च्या सुमारास, नकार आले. व्हिसासाठी दाखवलेली कमाई आणि तिथल्या करखात्याला कळवलेली कमाई यांत तफावत होती म्हणून. त्यात हिशेबनिसांच्या चुका असलेलेही लोक होते. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी माणसाला खुलासा करायची संधी द्यायलाच हवी. त्या खुलाशासाठी उपयोगी पडले ते कित्येक वर्षांपूर्वीचे कागद.

म्हणून आज बाहेर निघालेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. नोकरी सोडाल तेव्हा कंपनीचा मेल बंद होतो आणि त्यातल्या स्लिपाही जातात, त्या आधीच उतरवून घ्या. दरवर्षीचा फॉर्म १६, रिटर्न, खातेउतारा स्वतःजवळ ठेवा. दोन ठिकाणी सांगितलेला आकडा एकच असू द्या. देश नियम बदलत राहतील, पण तुम्ही कमावलेल्या पैशाचा हिशेब तुमच्याच हाती असला पाहिजे.