झोपेत लाळ गळते? जंतांच्या आधी नाक तपासा

झोपेत लाळ गळते, ही तक्रार मोठी माणसं स्वतःहून सांगत नाहीत. बीपीची गोळी लिहून झाली, उठायची वेळ आली, की सोबतची बायको हळूच म्हणते, "डॉक्टर, यांची उशी रोज ओली असते." नवरा तिच्याकडे रागानं बघतो! खरं तर यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जागेपणी ती नकळत गिळली जाते. झोपेत लाळ कमी होते, पण गिळणं त्याहून मंदावतं. कुशीवर किंवा पालथं झोपलं, तोंड उघडं राहिलं, की ती बाहेर येते. अधूनमधून असं होणं हा आजार नव्हे.

मुलांच्या बाबतीत आमच्या नगर जिल्ह्यात घरोघरी एकच निदान असतं : जंत. जंत असतील तर गोळी घ्यावीच, शाळेतही ती मिळते. पण लाळेचं मूळ बहुधा पोटात नसून नाकात असतं. सर्दी, धुळीची अ‍ॅलर्जी, वाकडा पडदा. नाक बंद म्हणून तोंड उघडं. मूल रोज घोरत असेल, तर नाकामागचे अ‍ॅडेनॉइड वाढलेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्या.

मोठ्यांमध्ये अ‍ॅसिडिटीनंही तोंडाला पाणी सुटतं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या, उशाकडची बाजू थोडी उंच ठेवा. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी, विशेषतः क्लोझापिननं, लाळ वाढते; मात्र ती गोळी मनानं बंद करू नका.

मला काळजी वाटते ती साठीनंतर नव्यानं सुरू झालेल्या लाळेची. मग मी रुग्णाला कागदावर दोन ओळी लिहायला लावतो, दारापर्यंत चालायला सांगतो. अक्षर बारीक होत गेलंय, चालताना एक हात हलत नाही, चेहरा निर्विकार दिसतो, तर पार्किन्सनची शंका येते. घरचे याला "वय झालं" म्हणतात आणि वर्ष निघून जातं. या आजारात लाळ जास्त होत नाही, गिळणं कमी होतं. म्हणून "लाळ सुकवायची गोळी द्या" असा हट्ट धरू नका. अशा गोळ्यांनी वयस्कर माणसाची लघवी अडू शकते, भ्रम होऊ शकतो. मूळ आजारावर उपचार झाले, की बऱ्याच जणांना फरक पडतो.

दोन प्रसंगी मात्र सकाळची वाट पाहू नका. अचानक तोंड एका बाजूला वाकडं होऊन लाळ गळू लागली, बोबडी वळली, हात लुळा पडला, तर लगेच 108 ला फोन करा. आणि शेतात फवारणी करून आलेल्या माणसाला लाळ, घाम, उलट्या, धाप सुरू झाली, तर ती विषबाधा समजा. कपडे काढून अंग साबणानं धुवा, पण त्यात वेळ घालवू नका. आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली सोबत आणा.