पुस्तक हातात द्यायचं

मी सोलापुरात एका सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. धागा तुटला की सांधायचा, बॉबिन भरली की बदलायची. तीन पाळ्या आलटून पालटून. दहावीला नापास झालो आणि गिरणीत शिरलो. वाचायची गोडी लागली ती वस्तीतल्या विहाराच्या कपाटानं. त्या कपाटाला कुलूप नव्हतं, एवढंच त्याचं मोठेपण. त्या वाचनातून कविता आली. कविता राहू द्या. आज दुसरंच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही चौघे पोरं जयंतीची वर्गणी मागत फिरत होतो. आमच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांच्या दारात उभे राहिलो. हे काका रोज संध्याकाळी विहारात येऊन पेपर वाचायचे, आठवड्याला एक पुस्तक न्यायचे. आत गेलो तर काका खाटेवर. कमरेखालचं अंग गेलेलं. चार महिने झाले होते. चार महिने, आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की काकांची खुर्ची रिकामी आहे. काकांनी उशाखालून शंभराची नोट काढली आणि म्हणाले,

"वर्गणी घेऊन जा की. तुमी येनार ते ठावं हुतं. पन येताना एखादं पुस्तक का न्हाई आनलं रे?"

दोस्तहो, ही शिवी नव्हती. शिवी असती तर पचवली असती. आम्ही भाषणात 'शिका' म्हणतो, बॅनरवर 'शिका' लिहितो, आणि ज्याचे पाय गेले तो आमच्या हिशेबातून गेला.

दुसऱ्या रविवारी मी दोन पुस्तकं घेऊन गेलो. त्यातून काम वाढलं. काकांनी शेजारच्या गल्लीतली एक बाई सांगितली, त्या बाईनं आणखी दोघे. आज आमच्याकडे एकोणीस वाचक आहेत. आम्ही सहा जण. तीन सायकली, एक खटारा स्कूटर, एक वही. वहीत नाव, पुस्तक, दिल्याची तारीख, परत आणायची तारीख. पंधरा दिवसांनी फेरी. रातपाळी असली की मी सकाळी सुटल्यावर तसाच फेरीला जातो, कापसाची कुसळं अंगावर घेऊन. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, फोटो नाही. फोटोवरून पहिल्याच महिन्यात भांडण झालं. एकानं पुस्तक देतानाचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला. त्याला सांगितलं, आपण ब्लँकेटवाटप करत नाही. तो परत आला नाही.

विहारातली पुस्तकं पुरेनात म्हणून शहरातल्या एका मोठ्या वाचनालयात गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, सभासदानं स्वतः येऊन सही केली पाहिजे, नियम आहे. मी म्हणालो, साहेब, तुमच्या दाराला बारा पायऱ्या आहेत आणि आमच्या सभासदाला पाय नाहीत. ते म्हणाले, मग त्याला आम्ही काय करणार?

घरी आलो आणि कायदा शोधला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा २०१६ चा, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. नियम झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा अशा करायच्या की सगळ्यांना आत जाता येईल, असं त्यात लिहिलंय. नियम २०१७ साली झाले. म्हणजे मुदत २०२२ साली सरली. बारा पायऱ्या जिथल्या तिथं आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर अपंग माणसं मोजली गेली. मोजली, आणि मोजून घरात ठेवली.

पायऱ्यांचं आपल्याला नवल नाही. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली झाला, तरी पाण्याला हात लावायला १९२७ साली महाडला जावं लागलं. कागदावरचं खुलं आणि खरंखुरं खुलं यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मग हे अंतर दुसऱ्याच्या दारात दिसल्यावर आपण का ओळखत नाही?

शेवटी त्या वाचनालयात अर्ज दिला, चार चकरा मारल्या, आणि माझ्याच नावावर चार कार्डं काढली. नियम मोडला नाही, पायऱ्या हलल्या नाहीत. पुस्तकं मात्र बाहेर आली.

आता एका ताईंची गोष्ट. वय चाळिसाच्या पुढं. दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला. भावाच्या घरी मागच्या खोलीत असतात, शिवणकाम करतात. पहिल्या खेपेला मी त्यांच्यासाठी धीर देणारी, संकटावर मात केलेल्या माणसांची पुस्तकं निवडून नेली. ताईंनी चाळली आणि परत दिली.

"ही तुमी माझ्यासाठी आणली की माझ्या पायांसाठी?"

मी गप्प.

"मला खुनाची, तपासाची कादंबरी आणा. आणि बाबासाहेबांचं जातीवरचं आणा. तुमच्यासारखंच मलापण दोन्ही लागतं."

मी चुकून बोलून गेलो, "दिव्यांग वाचकांसाठी आम्ही..." त्यांनी तिथंच अडवलं. "दिव्य काय आहे ह्यात? संडासला जायला दुसऱ्याचा हात लागतो. तुमाला कुणी हरिजन म्हटलं तर चालतं का?"

मी त्या रात्री मशीनवर उभा राहून हेच घोळवत होतो. आपल्याला देवाची माणसं म्हणणारे आपल्याला विहिरीवर येऊ देत नव्हते. नाव वर चढवायचं आणि माणूस खालीच ठेवायचा, ही युक्ती आपण ओळखतो. तरी माझ्या तोंडातून तोच शब्द निघाला. आणि पुस्तक निवडताना मी काय केलं? या माणसाला काय वाचायचं ते मी ठरवणार! हेच तर हजारो वर्षं आपल्याबाबतीत झालं. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. त्यातला एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्याचं, म्हणजे देणाऱ्याच्या मनातलं नव्हे.

ताईंना बाबासाहेबांच्या लेखनाचा खंड नेऊन दिला. महाराष्ट्र सरकार १९७९ पासून हे खंड काढतं. खंड जाड, ताईंच्या मनगटात जोर नाही. छातीवर धरला की श्वास कोंडतो, मांडीवर ठेवला की घसरतो. घरी ही अडचण बोलून दाखवली तर आत्या म्हणाली, "माजं सूप ने. पालथं घाल मांडीवर. कडंला टेकव."

आत्यानं तीस वर्षं त्या सुपात विड्या वळल्या. पालथं घातलेलं सूप मांडीवर नीट बसलं आणि खंड त्यावर उभा राहिला. ताईंनी तो दीड महिन्यात संपवला.

तिसरं घर वरच्या जातीचं. तिथले आजोबा शिक्षक होते, आता अंगात कंप, अंथरुणावर. आम्ही जात विचारून पुस्तक देत नाही. त्यांनी मात्र विचारली. म्हणजे आजोबांनी नाही, मुलानं. आडनाव विचारलं, मी सांगितलं. पुढच्या खेपेपासून तो म्हणाला, "तिथं उंबऱ्यावर ठेवा, आम्ही घेतो."

रविवारी विहारात बैठक बसली आणि पेटली. एक म्हणाला, ते घर बंद करा, आपण कुणाचे गडी नाही. दुसरा म्हणाला, पोरानं केलं, शिक्षा खाटेवरच्या म्हाताऱ्याला का? पहिला म्हणाला, म्हाताऱ्यानं वर्गात कुणाला मागं बसवलं असेल ते तुला काय ठाऊक? याला उत्तर नव्हतं. मला बडोदा आठवलं. सयाजीरावांनी १९१० च्या सुमारास बडोदा संस्थानात फिरती ग्रंथालयं सुरू केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. त्याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेला जायला शिष्यवृत्ती दिली. आणि १९१७ साली बाबासाहेब त्याच बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. राहायला घर मिळालं नाही. खेड्यात पुस्तकाची पेटी पोचत होती, कचेरीत हात हाताला लागत नव्हता.

आम्ही एक नियम केला. आमचा एवढा एकच नियम आहे. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात द्यायचं. उंबऱ्यावर, खिडकीत, पायरीवर ठेवायचं नाही. हातात घेणार असाल तर आम्ही कुणाच्याही घरी येऊ, नाहीतर नाही.

मी जाऊन मुलाला सांगितलं. त्यानं दार लावलं. महिना गेला. मग आजोबांनी कामवाल्या मावशींच्या हाती चिठ्ठी पाठवली, अक्षर थरथरतं, फक्त तीन पुस्तकांची नावं. मी गेलो. मुलगा दारातून बाजूला झाला, बोलला नाही. मी खाटेजवळ जाऊन पुस्तक हातात दिलं. त्यांचा हात हलत होता, म्हणून मला दोन्ही हातांनी धरावा लागला. त्यांचं मन बदललं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. चहा मिळाला नाही. पुस्तक पंधरा दिवसांनी परत आलं. बैठकीतला एक दोस्त अजून म्हणतो की आपण चुकलो. तो फेरी करतो, पण त्या घरी जात नाही. त्याच्यावर सक्ती नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

एका रविवारी फेरी करून घरी आलो. सायकलवर पिशवी रिकामी. आत्या कोपऱ्यात बसलेली. तिचे गुडघे गेलेत, सहा वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. म्हणाली, "सगळ्या गावाला वाटून आलास व्हय? माजं सूपबी दिलंस. मला काय आनलंस?"

मी हसलो. "आत्या, तुला वाचता कुठं येतंय?"

"तुला येतंय न्हवं?"

एकोणीस नावांची वही माझ्या हातात होती. विसावं नाव माझ्या घरात होतं, आणि ते मी लिहिलं नव्हतं. काकांच्या खाटेशी जे कळलं ते आपल्याच घरात कळायला मला दीड वर्ष लागलं.

शेवटच्या वर्षांत मधुमेहानं बाबासाहेबांचे पाय थकले होते, नजर अधू झाली होती. त्या दिवसांत नानकचंद रत्तू त्यांचं लिखाण टंकून द्यायचे, पुस्तकं-कागद हाताशी आणून ठेवायचे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी जवळ मागून घेतली. वाचायला आणि लिहायला कुणाचा तरी हात लागणं यात कमीपणा नाही. हात पुढं न करण्यात आहे.

आता रोज पाळी सुटल्यावर अर्धा तास मी आत्याला वाचून दाखवतो. बाबासाहेबांचं चरित्र चाललंय. बडोद्याच्या फायलींपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "थांब. परत वाच." मी परत वाचलं. रातपाळीनं डोळे मिटत होते. ती म्हणाली, "झोप आता. उद्या हितूनच धर."

वाचणाऱ्या मित्रा, तुझ्या विहारातली कोणती खुर्ची रिकामी आहे ते आज बघ. आणि मग तुझ्या घरातला कोपरा बघ.