अण्णांची टाकी

गेल्या माघ महिन्यात एके सकाळी आमच्या परसात तळे साचलेले दिसले. पावसाळा असता तर मी तिकडे लक्षही दिले नसते. पण आकाश निरभ्र होते, आणि त्या तळ्याला जो वास येत होता तो पावसाच्या पाण्याला कधी येत नाही. शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावून कुंपणावरून चौकशी केली, "काही मेलंबिलं आहे का हो तुमच्याकडे?" मेले काहीच नव्हते. आमची मैलाटाकी भरून वाहत होती.

आमच्या भागात भुयारी गटार नाही. ज्याची टाकी त्याच्या परसात. आमची टाकी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली स्वतः उभे राहून बांधून घेतली. अण्णा ओव्हरसियर होते. १९७२-७३ च्या दुष्काळात ते रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होते, आणि तो दुष्काळ जवळून पाहिलेला माणूस पुढे जन्मभर पाणी तुपासारखे वापरतो. आंघोळीला एक बादली, दाढीला एक वाटी. लहानपणी मी बादली भरून वाहू दिली की ते विचारीत, "तुझ्या बापाची विहीर आहे का?" विहीर खरोखरच माझ्या बापाची होती, पण तसे उत्तर देण्याची माझी छाती नव्हती.

टाकीविषयी मात्र ते मोठ्या मायेने बोलत. "अरे, टाकी म्हणजे पोट," ते सांगत. "घासावर घास कोंबलास तर तुला अजीर्ण होतं ना? तसंच तिचं." टाकीत आलेले पाणी निदान एक दिवस तरी स्वस्थ पडून राहिले पाहिजे. जड असेल ते तळाशी बसते, हलके आणि तेलकट असेल ते सायीसारखे वर येते, आणि हवेवाचून जगणारे जंतू तळच्या गाळाचा बराचसा भाग खाऊन टाकतात. मधले निवळलेले पाणी तेवढे पुढच्या शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. पण पाण्याचा लोट आला की निवळायला वेळच मिळत नाही. कच्चा गाळ पाण्याबरोबर खड्ड्यात उतरतो, मातीची छिद्रे बुजतात, आणि मग टाकी कितीही उपसली तरी पाण्याला जायला वाट उरत नाही. त्यातून आमची जमीन काळी. ओली झाली की फुगते आणि पाणी अडवून धरते. म्हणून अण्णांनी खाली मुरूम लागेपर्यंत खड्डा खणायला लावला होता. टाकी आणि खड्डा विहिरीपासून दूर, परसाच्या अगदी दुसऱ्या टोकाला घेतला होता. टाकीची मापे त्यांच्या वहीत अजून आहेत: लांबी पाच फूट, रुंदी अडीच, पाण्याची खोली साडेतीन. म्हणजे सुमारे बाराशे लिटर.

तिला तेव्हा फक्त संडास जोडलेला होता. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी अळूच्या वाफ्याला आणि केळीला जाई. आमच्या घरी अळूचे फदफदे इतक्या वेळा होई की पाहुणे त्याची धास्ती घेत.

२०११ साली मी घर सुधारायला काढले. जुनी न्हाणी गेली, दोन नवी बाथरूम आली, शॉवर आले, फ्लश आले, कपडे धुण्याचे यंत्र आले. अळूच्या जागी मी शहाबादी फरशी बसवली. या सगळ्याचे पाणी सोडायचे कुठे, असा प्रश्न आला तेव्हा प्लंबर म्हणाला, "टाकी आहेच की!" अण्णा म्हणाले, "अरे, ती पाच माणसांची आहे, आणि तीही संडासापुरती." मी म्हणालो, "अण्णा, दिवस बदलले आता." अण्णा गप्प बसले. टाकीही पुष्कळ वर्षे गप्प बसली, हा तिचा मोठेपणा.

तळे साचल्यावर मी मैला उपसणारी गाडी बोलावली. माझ्या लहानपणी या कामाला माणूस उतरवीत. मी ते एकदा खिडकीतून पाहिले होते आणि त्या दिवशी मला जेवण गेले नव्हते. टाकीतला विषारी वायू फार साचला तर नाक आधी बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते की धोका टळला. संरक्षक साधनांवाचून कुणाला अशा टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. आमच्याकडे गाडी आली, लांब नळी टाकीत सुटली आणि तासाभरात काम झाले. नळी गुंडाळता गुंडाळता गाडीवाला म्हणाला, "साहेब, गाळ बेताचाच आहे. तुमच्या घरात पाणीच फार वापरतात."

तीन आठवड्यांत पुन्हा तळे.

आता मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शहरांच्या पाणीयोजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखतात. आम्ही घरात सहा: अण्णा, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन वर्षांचा नातू. म्हणजे ८१० लिटर. टाकी बाराशेची, त्यातला तिसरा हिस्सा गाळाला सोडला तर पाण्याला विसावा पुरता एक दिवसही नाही. रात्री जेवताना मी हे गणित वाचून दाखवले आणि, बँकेत सदतीस वर्षे काढलेला माणूस असल्याने, खर्चाच्या बाबींवर बोट ठेवले. धुण्याचे यंत्र एका फेरीला शंभर-सव्वाशे लिटर घेते आणि ते रोज लागते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. नाव मी कुणाचे घेतले नाही. पण यंत्र रोज कोण लावते हे सगळ्यांना ठाऊक होते. सून काही बोलली नाही. अण्णा मान खाली घालून ताकभात कालवीत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र बंद. साडेआठला नोकरीवर जाणारी ती मुलगी पहाटे उठून पोराचे कपडे बादलीत धुऊ लागली. सौ. माझ्याशी दोन दिवस कामापुरतेच बोलली. आणि तळे होते तसेच राहिले!

मग फ्लशची शंका आली. फ्लश आतल्या आत गळत असेल तर दिवसाकाठी शेकडो लिटर पाणी आवाज न करता निघून जाते. त्याची परीक्षा सोपी आहे. मी फ्लशच्या टाकीत नीळ कालवली आणि अर्धा तास वाट पाहिली. अण्णा काठी टेकून दाराशी उभे होते. भांडे शुभ्र राहिले. निळा थेंबही उतरला नाही. "हे नाही," अण्णा म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

शेवटी मी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पाणी मोजायला लागलो. एक इंच म्हणजे साधारण बावीस लिटर. रात्री दहाला मोजले, सकाळी सहाला मोजले. दहा इंच कमी! सगळे घर झोपलेले असताना सव्वादोनशे लिटर पाणी जात होते.

तिसऱ्या रात्री मी जागा राहिलो. तीनच्या सुमारास नळाचा आवाज आला. मागच्या बाथरूमचे दार नुसते लोटलेले होते आणि फटीतून उजेड दिसत होता. आत अण्णा स्टुलावर बसले होते. नळ पूर्ण सोडलेला, आणि त्याखाली त्यांच्या अंथरुणातली चादर. हातांत ती पिळण्याचे बळ नव्हते, म्हणून साबण निघून जाईपर्यंत ती दोन्ही हातांनी वाहत्या पाण्याखाली धरून ते बसून होते. मध्येच खोकला आला तेव्हा त्यांनी नळाच्या आवाजाकडे तोंड वळवून तो दाबला. आई गेल्याला सहा वर्षे झाली. शहाऐंशी वर्षांच्या माणसाने हे सांगायचे तरी कुणाला?

मी पाय न वाजवता परत येऊन पडलो. नळ बावीस मिनिटे चालू होता. हाक मारायला हवी होती की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सकाळी सुनेला एकटी गाठून मी म्हणालो, "रात्रीचं पाणी कुठं जातं ते कळलं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. रोज सकाळी चादर ओली असते दोरीवर."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"सगळ्यांच्या देखत त्यांचं नाव घ्यायचं?"

मी तिची क्षमा मागितली. सासऱ्याने सुनेची क्षमा मागण्याची रीत आमच्याकडे नसल्याने शब्द काही नीट जुळले नाहीत. पुढचे तिनेच निभावले. संध्याकाळी अण्णांसमोर तिने तक्रार मांडली की यंत्र अर्धे भरून लावले तर बिघडते म्हणे, आणि रोजचे कपडे काही पुरत नाहीत. "अण्णा, तुमच्या चादरी आणि धोतरंही टाकत जा ना त्यात. सकाळी मीच घेऊन जाईन." अण्णांनी जन्मात यंत्राला हात लावला नव्हता. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "बिघडत असेल तर नेत जा." डोळे तपासायचे निमित्त काढून मी त्यांना डॉक्टरांकडे नेले आणि आधी स्वतः आत जाऊन खरे काय ते सांगितले. प्रोस्टेटची गाठ वाढली होती. गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्री उठणे पुष्कळ कमी झाले.

फाल्गुनात मी शहाबादी फरशी उखडली. दोन्ही बाथरूमचे आणि यंत्राचे पाणी टाकीतून सोडवून पुन्हा परसाकडे वळवायचे ठरले. चर खणायला गडी आला तेव्हा अण्णा खुर्ची टाकून बसले आणि काठीने रेघ दाखवीत राहिले. "उतार शंभरला एक ठेव. जास्त नको." केळीचे कोंब कुठे लावायचे तेही त्यांनीच सांगितले. सून म्हणाली, अळू मात्र थोडाच लावा.

गडी जेवायला गेल्यावर अण्णांनी चराकडे बघतच मला विचारले, "रात्रीचं पाणी कुठं जात होतं, सापडलं का रे?"

"सापडलं. फ्लशचा वॉशर गळत होता."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ते शुभ्र भांडे आम्ही दोघांनीही पाहिले होते.

"बदललास?"

"बदलला."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले, आणि काठीने चरातले एक ढेकूळ बाजूला सारले.