पेण-रोह्याला राहायला कसं आहे?

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. रेल्वेने पेणहून निघालं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्याशा अंतरात माझा जन्म गेला म्हटलं तरी चालेल.

पेणच्या आमच्या घराला वर दोन खोल्या आहेत. सासऱ्यांनी त्या बांधल्या तेव्हापासून भाडेकरू येत-जात राहिले. बदलीवर आलेले बँकेतले साहेब, डोलवीच्या स्टील कारखान्यात लागलेली मुलं, दवाखान्यातली एक परिचारिका, आणि आता डोंबिवलीहून निवृत्तीनंतर आलेले काका-काकू. खोली बघायला येणारा प्रत्येक जण भाड्याबरोबर एक गोष्ट हमखास विचारतो, 'राहायला कसं आहे हो?' सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असतं, 'एकदम झकास.' मला ते इतकं सहज देता येत नाही. कारण हीच माणसं वर्षभराने काय बोलतात ते मी ऐकलेलं असतं.

कारखान्यातला जळगावचा मुलगा म्हणायचा, 'वहिनी, पगार चांगला आहे, पण सुट्टीच्या दिवशी करायचं काय?' सुट्टी आली की तो पनवेल गाठायचा. परिचारिका माणगावकडची होती. तिची रात्रपाळी असायची, तरी घरी कुणाला काळजी नसे. 'मुंबईत शिकत होते तेव्हा रात्री रिक्षात बसले की आईशी फोन चालू ठेवायला लागायचा,' ती सांगायची. इथे रिक्षावाला तिला नावाने ओळखायचा आणि दाराची कडी लागेपर्यंत उभा राहायचा. डोंबिवलीचे काका रोज सकाळी कासार तलावावर फिरायला जातात, येताना ताजी मासळी आणतात, आणि आपण दहा वर्षं आधी यायला हवं होतं असं म्हणतात. काकूंचं मत वेगळं. त्यांच्या बहिणी, भिशीच्या मैत्रिणी, ओळखीचा शिंपी, सगळं डोंबिवलीत राहिलं. इथल्या बायका प्रेमाने बोलतात, पण बोलणं सुरू होतं ते 'तुम्ही मूळचे कुठले?' इथून, आणि त्या प्रश्नाचा त्यांना कंटाळा आला आहे.

2011 च्या जनगणनेत पेण शहराची लोकसंख्या सदतीस हजारांच्या आसपास होती आणि रोहा-अष्टमीची वीस हजारांच्या थोडी वर. आता दोन्हीकडे इमारती वाढल्या आहेत. तरी एवढ्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं हे कळतं. कुणाला त्याचा आधार वाटतो, कुणाला जाच. 2010 मध्ये पेणमधली एक सहकारी बँक बंद पडली तेव्हा हे ओळखीपाळखीचं जग किती कामाचं आणि किती धोक्याचं, दोन्ही दिसलं. ओळखीवर विश्वास टाकून लोकांनी आयुष्यभराची पुंजी ठेवली होती. आमच्या आळीतल्या एका मावशींचे मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात अडकले. लग्न झालं ते शेजाऱ्यांनी वर्गणी काढून, मांडव घालून. मावशी आजही म्हणतात, 'याच गावाने बुडवलं आणि याच गावाने तारलं.'

पेणबद्दल बोलायचं तर गणपतीशिवाय पुढे जाता येत नाही. शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घराघरात कारखाने आहेत. आम्ही कारखानाच म्हणतो, मग तो पडवीतला का असेना. माझी जाऊ हमरापूरची. तिच्या माहेरी गेलं की पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती ओट्यावर, माळ्यावर, खाटेखाली. बायका पितांबराला रंग देतात, मुली मुकुटावर हिरे चिकटवतात. डोळ्यांची आखणी मात्र जावेचे वडीलच करतात. त्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नाही. ते श्वास धरून एका ओढीत वरची पापणी काढतात, मूर्ती फिरवून उजेडात बघतात, मगच दुसरा डोळा. एका मूर्तीला लागतात काही क्षण, पण तो हात बसायला उमेदीची वर्षं गेली आहेत.

या धंद्यामुळे तिथली कितीतरी मुलं गाव सोडून गेली नाहीत, हे मी पेणचं सगळ्यात मोठं भाग्य मानते. पण त्यांच्या डोक्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बंदीची टांगती तलवार होती. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायला नाही. तेव्हा जावेच्या माहेरी पेढे वाटले. तिचा धाकटा भाऊ मात्र शाडूच्या बाजूचा आहे. तो म्हणतो, शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेते, पावसाळी हवेत तिला भेगा जातात, सगळं मान्य, पण पेणचं नाव मुळात त्या मातीवर झालंय. बापलेकांचा हा वाद जेवतानाही चालतो. मला भावाचं पटतं, पण वडिलांवर कर्ज आहे आणि पोटाला वीस माणसं आहेत, हेही मला दिसतं.

पेणच्या पश्चिमेला खारेपाट. यजमानांचे मामा तिथल्या वाशी गावाकडचे. बांध घालून समुद्राचं पाणी थोपवायचं, मागे भात लावायचा आणि शेततळ्यात जिताडा मासा सोडायचा, असा पिढ्यान्पिढ्यांचा संसार. घरी मोठा पाहुणा आला की मामा जिताडा धाडतात. 2008 च्या सप्टेंबरमध्ये महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, याचा कौल सरकारने तालुक्यातल्या 22 गावांत मतदान घेऊन विचारला होता. मामांनी तेव्हा 'नाही' सांगितलं आणि आजही छाती पुढे काढून ते सांगतात. त्यांचा मुलगा आता चाळिशीला आलाय. त्याचं म्हणणं, 'बाबा, बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि मेमध्ये प्यायला टँकर. जमीन राखून काय राखलं?' अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला, उरण-पनवेल-पेणच्या 124 गावांत नवं शहर करायचा आराखडा निघाला. दलालांच्या गाड्या खारेपाटात फिरू लागल्या. मुलगा हिशेब मांडतो, मामा उठून बांधावर निघून जातात.

यातली पाण्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. हेटवणे धरण आमच्या तालुक्यात. त्याचं पाणी नळाने नवी मुंबईकडे जातं, आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मामी वर्षानुवर्षं या पाण्यासाठी मोर्चाला जातात. नवी मुंबईला पाणी नको असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. 'आम्हाला पण द्या' एवढंच त्यांचं मागणं.

रोह्याला उलट परिस्थिती. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरतं आणि कुंडलिकेत येतं, म्हणून नदी बाराही महिने वाहती. कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. आई लहानपणी याच नदीत पोहायला शिकली. मग धाटावला रासायनिक कारखाने आले. माझा भाऊ तिथेच नोकरीला आहे. कधीकधी रात्री उग्र वास येतो, आई उठून खिडक्या लावते आणि सकाळी भावाला विचारते, 'काल काय सोडलंत रे?' जणू त्यानेच चावी फिरवली होती. भाऊ चिडतो. 'हे कारखाने नसते तर मी भांडुपला भाड्याच्या खोलीत असतो, आणि तू इथे एकटी.' ते खरंच आहे. आणि नदीतली मासळी पूर्वीसारखी राहिली नाही हे आईचं म्हणणंही खरंच आहे. भावाच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं म्हणून नदीबद्दल गप्प बसावं, असं मला वाटत नाही. भावालाही आता तसं वाटत नाही. पूर्वी तो विषय काढू द्यायचा नाही, हल्ली स्वतः काढतो.

पण आईला रोहा सोड म्हणून बघा! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, देवळापाशी पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, आणि मग पालखी गावभर फिरते. आई दारात रांगोळी घालून रात्री जागी असते. पालखी कितीही उशिरा येवो, ती आरतीचं ताट झाकून बसलेली. ज्या गावात देव स्वतः दारी येऊन विचारपूस करतो ते गाव सोडायचं कशाला, असं ती म्हणते. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांचं घराणं रोह्याचं, हेही तिला पाठ आहे. भावाच्या मुलीचं त्यावरचं उत्तर असं, 'आजी, ते मोठे झाले ते रोह्याबाहेर जाऊन.' ती पनवेलला कॉलेजला जाते. दिव्याला जाणारी मेमू गाडी हाच तिचा आधार. मोजक्याच गाड्या, एक चुकली की दिवस गेला. मागून एक्सप्रेस आली की मेमू बाजूला उभी. ती पाठीवरची बॅग पुढे घेऊन, दाराशी उभी राहून अभ्यास करते. तिला पुण्यात नोकरी करायची आहे आणि परत यायचं नाही. तिला मी कधी अडवलं नाही. मात्र गाड्या वाढल्या तर ती इथे राहूनही नोकरी करील, एवढं मला वाटतं.

डिसेंबर-जानेवारीत आम्ही सगळे रोह्याला पोपटीला जमतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-पेंढा पेटवायचा. शिजलं की नाही हे भाऊ मडक्यावर पाणी शिंपडून ठरवतो, चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की झालं. गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या काका-काकूंना घेऊन गेले होते. काकू शेंगा सोलता सोलता आईशी जी बोलायला लागल्या त्या थांबेनात. परतताना गाडीत म्हणाल्या, 'मला पेणपेक्षा रोहा बरं वाटलं.' सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

आता एक कडू गोष्ट. काही वर्षांपूर्वी गौरी-गणपती विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतत होते, त्याच दिवशी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी इसीजी काढला आणि सांगितलं, इथे सोय नाही, पनवेलला न्या. पेण-पनवेल अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून चाललेलं. खारपाड्याच्या अलीकडे गाड्या ठप्प. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतोय, पुढचा माणूस बाजू द्यायला बघतोय, पण एका बाजूला खोदलेलं आणि दुसऱ्या बाजूला ट्रक. सासऱ्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. ते वाचले. नंतर कुणीतरी भेटायला आलं आणि म्हणालं, 'छोटं गाव आहे, चालायचंच.' त्या वाक्याचा मला जितका राग आला तितका क्वचितच कशाचा आला असेल. रस्ता आता पुष्कळ सुधारलाय, पण हृदयाचा झटका आलेला माणूस अजूनही पनवेललाच न्यावा लागतो.

घरात यावरूनही दोन तट आहेत. सासूबाई, ज्या भाडेकरूंना झकास म्हणून सांगतात, त्यांना आता पनवेलला मोठ्या दवाखान्याजवळ फ्लॅट हवाय. सासरे म्हणतात, 'मरेन तर पेणलाच.' मी सासूबाईंच्या बाजूने भीतीपोटी होते, सासऱ्यांच्या बाजूने मनापासून. शेवटी आम्ही पेणलाच राहिलो.

पेण आता मुंबई महानगर प्रदेशात आलंय, रोहा बाहेर आहे. पेणच्या जागांचे भाव चढले, रोह्याचे त्या मानाने बेताचे, घर घ्यायला लोक मात्र दोन्हीकडे येतात. त्यांना माझं सांगणं आहे. बिल्डरने बोलावलेल्या रविवारी दुपारी येऊन बयाणा देऊ नका. एकदा मे महिन्यात या आणि नळाला पाणी किती वेळ येतं ते शेजारच्या बाईला विचारा. एकदा भर पावसात जुलैमध्ये या. रोह्याला घर बघत असाल तर एक रात्र मुक्काम करा, कारखान्यांचा वास येतो का ते कळेल. घरात म्हातारं माणूस असेल तर जवळच्या दवाखान्यात रात्री कोण असतं ते स्वतः जाऊन बघा. आणि एवढं करून राहायला आलात, तर पाण्याच्या, गाडीच्या, दवाखान्याच्या मागणीचा अर्ज घेऊन आम्ही दारी येऊ तेव्हा त्यावर सही करा.