एका शिंप्याचं खातं

आपल्याकडे नाव विचारलं की समोरचा आडनावासाठी थांबतो. ते कळलं की गाव, कुळ, धंदा सगळं मनातल्या मनात लिहून मोकळा! पक्षीशास्त्रज्ञांचंही तसंच. फरक इतकाच, की पक्षी तक्रार-अर्ज देत नाही.

आमच्या वर्धेच्या कुंपणांतला शिंपी पक्षीच घ्या. चिमणीहून लहान, माथा तांबूस, शेपटी ताठ, आवाज देहाला न शोभणारा. जिवंत पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्यातून कापसाचे धागे ओवायचे आणि पानाच्या द्रोणात घरटं करायचं. सेवाग्रामच्या जिल्ह्यात याहून स्वावलंबी कोण?

१७६९ साली थॉमस पेनंट या गृहस्थांनी त्याचं लॅटिन खातं उघडलं : 'मोटासिला सुटोरिया'. मोटासिला म्हणजे धोबी पक्ष्यांची प्रजाती. त्या काळी बारीक चोचीचे पुष्कळ पक्षी तिथेच कोंबत. आणि सुटोरिया म्हणजे मोचीकामाची! म्हणजे मराठीत शिंपी, लॅटिनमध्ये मोची, मुक्काम धोब्यांकडे.

१८२१ साली हॉर्सफील्डनं 'ऑर्थोटोमस', म्हणजे सरळ कापणारा, ही प्रजाती काढली. पुढे आपला शिंपी तिथे बदलून गेला. ही प्रजाती व्याकरणानं पुल्लिंगी, म्हणून सुटोरियाचा 'सुटोरियस' झाला. बदलीत लिंगही बदललं. असं आमच्या बँकेतसुद्धा होत नाही! कुळ म्हणाल तर वर्षानुवर्षं सिल्व्हिइडी. ते आमच्या सस्पेन्स खात्यासारखं : कुठे बसेना, टाका तिथे. अलीकडे जनुकं तपासली, तेव्हा तो वटवट्यांचा भाऊबंद निघाला आणि सिस्टिकोलिडी कुळात गेला.

मोची मात्र कायम. शास्त्राचा नियमच आहे, की शोभत नाही म्हणून नाव बदलता येत नाही. नाव ही ओळखीची खूण, चारित्र्याचा दाखला नव्हे. खात्यावर काही लिहा, पक्षी तोच.

हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण काउंटरवर नेमकं उलटं चालतं. परवा एक म्हातारी आली. पासबुकात नावापुढे 'बाई', आधार कार्डावर नाही. पेन्शन अडली. नियम मला मोडता येत नाही. मी दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. अंगठा उठवताना ती म्हणाली,

"पण साहेब, मी तीच आहो नं जी!"

पेनंटसाहेबांना हे लगेच पटलं असतं.